डाव कुठून मांडायचा?

पानिपताविषयी बोलताना मराठी माणूस दोन गोष्टी एका दमात बोलून जातो. सेनापती भाऊसाहेबांनी बाजारबुणगे आणि यात्रेकरू बरोबर न्यायला नको होते, सुरजमल जाटाला दुखवायला नको होते, अब्दालीला यमुना उतरू द्यायला नको होती, ही झाली एक. आणि लगेच पुढे, नशीबच फिरले होते, त्याला कोण काय करणार, ही दुसरी. या दोन्हींचा मेळ कसा घालायचा, हे मात्र कोणी सांगत नाही. नशीब फिरलेलेच होते तर भाऊसाहेबांच्या चुका मोजण्यात अर्थ नाही. चुका त्यांच्या असतील तर नशिबाला मध्ये ओढायचे कारण नाही. दैव आणि पुरुषार्थ यांतला हा जुनाच तंटा आहे. पोथ्यांत, कीर्तनांत, पंडितांच्या वादसभांत तो शेकडो वर्षे चालत आला. पण या तंट्याची बारकाईने परीक्षा घेता येईल अशी एक जागा आहे आणि धर्मचिंतन करणाऱ्यांनी तिच्याकडे फारसे पाहिलेले नाही. ती जागा म्हणजे ऐतिहासिक लढायांचे वॉरगेम. त्यातही, खेळ छापून बाहेर पडण्याआधी त्यातले सिनारिओ पुन्हा पुन्हा खेळून पाहणे आणि काय बरोबर, काय चूक हे रचनाकाराला कळवणे. प्लेटेस्टिंग या नावाने ओळखले जाणारे हे काम वरवर पाहता छंदाचे आहे. ते नीट केले तर माणसाच्या हाती नेमके काय असते या प्रश्नाला इतक्या जवळून भिडावे लागते, जितके केवळ चर्चेने भिडता येत नाही, असे माझे म्हणणे आहे.

ज्यांनी असा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. रणभूमीचा नकाशा षट्कोनी घरांत आखलेला असतो. प्रत्येक पथकाची एक पुठ्ठ्याची चौकोनी सोंगटी. तिच्यावर बळ आणि चाल यांचे आकडे. कोणत्या तारखेला, कोणत्या वेळी, कोण कुठे उभा होता, रसद किती होती, किती फेऱ्यांत काय साधले म्हणजे कोण जिंकला, हे सगळे ठरवून दिले की एक सिनारिओ तयार होतो. मग दोघे समोरासमोर बसतात आणि फासे पडू लागतात. या प्रकाराचा उगम प्रशियात आहे. राइसविट्झ या तरुण तोफखाना अधिकाऱ्याने वडिलांची कल्पना पुढे नेत १८२४ साली नियमावली छापली आणि प्रशियाच्या सेनापतींनी ती अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारली. १९५८ साली अमेरिकेत गेटिसबर्गच्या लढाईचा खेळ दुकानांत आला आणि लष्कराबाहेरचे लोकही तो खेळू लागले. अलीकडे बहमनी, विजयनगर आणि दिल्लीची सल्तनत यांच्यावरचा एक खेळही परदेशात निघाला आहे. टेस्टरचे काम असे की नियमपुस्तिका वाचून, रचनाकाराला शेजारी न बसवता, तो डाव खेळायचा. बाजू बदलून खेळायचा. मुद्दाम वेडेवाकडे निर्णय घेऊन खेळायचा. आणि मग लिहून द्यायचे. आवडला किंवा कंटाळा आला एवढे लिहिणे पुरेसे नसते. कोणत्या फेरीत माझ्यापुढे खराखुरा पर्याय होता, कुठे तो नुसता दिसत होता, कुठे फाशाने सगळे हिरावून घेतले, आणि फाशाने घेतले ते घेण्याजोगे होते का, हे त्याला सांगावे लागते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. वॉरगेमचा पट समोर ठेवून हे वाचले की आश्चर्य वाटते. नकाशा म्हणजे अधिष्ठान. खेळाडू हा कर्ता. सोंगट्या, तोफा, घोडी, दाणागोटा ही करणे. चाली या चेष्टा. आणि फासा हे दैव. गीताकारांच्या डोळ्यांपुढे पट नव्हता हे उघड आहे, आणि महाभारतात पटावर जे घडले ते कोणालाही अभिमानाने सांगण्यासारखे नाही. तरीही या पाच कारणांची मांडणी टेस्टरच्या कामाला चपखल बसते, कारण दैव हे तिथे पाचांपैकी एक आहे. ते सर्वस्व नाही आणि शून्यही नाही. केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची दृष्टी अपुरी आहे, असे त्याच प्रकरणात पुढे सांगितले आहे. आपण बोलताना मात्र या पाचांतले एकच कारण उचलतो. जिंकलो की कर्ता आठवतो, हरलो की दैव. खेळ रचणाऱ्याला अशी सवलत नसते. प्रत्येक कारणाला त्याला आकडा द्यावा लागतो, आणि एकदा आकडा दिला की दुसरा कोणीतरी तो तपासू शकतो.

पानिपताचा सिनारिओ नाशिकच्या इंदिरानगरातल्या एखाद्या घरी जेवणाच्या टेबलावर मांडला आहे, असे धरू. तारीख १४ जानेवारी १७६१, सकाळ. मराठी फौज गोल करून, म्हणजे लढवय्यांचे कडे करून बिनलढाऊ माणसे पोटात घेऊन, यमुनेच्या दिशेने सरकते आहे. डाव्या अंगाला इब्राहिमखान गारद्याची पलटणे आणि तोफा, समोर अब्दालीच्या बाजूचे रोहिले. गारद्यांच्या माऱ्याने रोहिल्यांची फळी फाटते. याच वेळी विठ्ठल शिवदेव विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांचे घोडेस्वार गोल सोडून पुढे झेपावतात. आपलीच घोडी मध्ये आल्यामुळे गारद्यांना मारा आवरावा लागतो, रोहिल्यांच्या बंदुका घोडेस्वारांना मागे लोटतात आणि गोलाला खिंडार पडते. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी पानिपतावरच्या आपल्या ग्रंथात या गोल मोडण्याला फार महत्त्व दिले आहे, आणि ते योग्यच आहे. विंचूर आमच्याच निफाड तालुक्यातले, म्हणून नाशिककरांनी या घटनेकडे जरा जास्तच बारकाईने पाहायला हवे. आता रचनाकारापुढे तीन वाटा आहेत. विंचूरकरांनी तिसऱ्या फेरीत गोल सोडलाच पाहिजे, असा सक्तीचा नियम करता येतो. किंवा विंचूरकरांची सोंगटी मराठी खेळाडूच्या पूर्ण ताब्यात देता येते. किंवा असे करता येते की शत्रूची फळी फाटताना दिसली की दर फेरीला एक फासा टाकायचा. शेजारच्या घरात भाऊसाहेबांची सोंगटी असेल, आदल्या दिवशी सरदारांना गोलाची शिस्त समजावण्यात वेळ घातला असेल, तर सुटण्याची शक्यता घटते, पण संपत नाही.

पहिला नियम नियतिवादाचा आहे. तो खेळताना विंचूरकरांवर रागावता येत नाही, कारण त्यांना दुसरे काही करताच येत नव्हते. दुसरा नियम दिसायला स्वातंत्र्याचा आहे, पण तोही खोटा, कारण अठराव्या शतकातला मराठा सरदार हा पुठ्ठ्याचा तुकडा नव्हता. गनिमी काव्यात वाढलेल्या घोडेस्वाराला फाटलेली फळी दिसली की त्यात घुसायचे हे त्याच्या अंगात मुरलेले होते, आणि पायदळाच्या आडोशाने चालण्याची युरोपीय पद्धत त्याला नवी होती. तिसऱ्या नियमात संस्कार आहे, प्रसंग आहे, वरिष्ठांचा प्रयत्न आहे आणि थोडे दैवही आहे. चांगल्या टेस्टरचा अभिप्राय इथेच कामाचा ठरतो. तिसरा नियम वापरून वीस डाव खेळले आणि वीसही वेळा विंचूरकर सुटले, तर तो नियम वेष बदललेला पहिला नियमच आहे हे त्याला दाखवून द्यावे लागेल. एकदाही सुटले नाहीत तर तो दुसरा आहे. नियम कागदावर काय म्हणतो याने भागत नाही. खेळाडूच्या हातात तो काय ठेवतो ते खेळूनच कळते. दैव आणि प्रयत्न यांचे प्रमाण किती, हा प्रश्न शास्त्रार्थात नेहमी सगळ्या आयुष्याबद्दल विचारला जातो आणि म्हणून त्याला उत्तर सापडत नाही. इथे तो एका सरदाराबद्दल, एका तासाबद्दल विचारला जातो.

आता मी या सगळ्यातल्या मुख्य गोष्टीकडे येतो. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे कर्माचे तीन भाग आपल्याकडे सांगतात. साठून राहिलेले ते संचित. फळ द्यायला लागलेले ते प्रारब्ध. ते भोगल्याशिवाय सुटका नाही. आता चाललेले ते क्रियमाण. तिथे माणसाचा हात चालतो. सिनारिओची मांडणी म्हणजे प्रारब्ध आणि पहिल्या फेरीपासून पुढे क्रियमाण. मग प्रारब्ध किती आणि क्रियमाण किती हे ठरते कशावर? डाव कुठून मांडला यावर. १४ जानेवारीच्या सकाळपासून मांडला तर आठवडेच्या आठवडे चाललेली उपासमार, खंगलेली घोडी, गोलाच्या पोटात घ्यावी लागलेली बायका-मुले आणि यात्रेकरू, हे सगळे पटावर आधीच येऊन बसलेले आहे. त्या मांडणीत मराठी खेळाडूने पाय रोवून विजय मिळवावा अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. हाच डाव ऑक्टोबर १७६० मध्ये, कुंजपुरा घेतल्यानंतर, मांडा. फौज कुरुक्षेत्राच्या तीर्थाकडे निघालेली आहे, यमुनेला अजून पाणी आहे आणि पुढे अब्दाली जिथून नदी उतरला त्या बागपताच्या उतारावर पहारा ठेवायचा की नाही हा निर्णय खेळाडूचा आहे. इथे उपासमार प्रारब्ध राहत नाही. ती पुढे घडू शकणारी एक गोष्ट होते. आणखी मागे, मार्च १७६० मध्ये, उदगीरच्या विजयानंतर पटदुराहून फौज निघते तिथे डाव मांडला तर यात्रेकरू बरोबर घ्यायचे का, हादेखील प्रश्न होतो.

म्हणजे अटळपणा घटनेला कायमचा चिकटलेला नसतो. एकाच पानिपताचा पराभव जानेवारीतून पाहिला तर जवळजवळ अटळ आहे, ऑक्टोबरातून पाहिला तर टाळण्याजोगा आहे आणि मार्चमधून पाहिला तर अनेक शक्यतांपैकी एक आहे. हे नुसते सांगितले तर कोणीही मान डोलावेल. तीन सिनारिओ ओळीने खेळले की ते बोटांना कळते, कारण जानेवारीच्या डावात हात बांधलेले वाटतात आणि ऑक्टोबरच्या डावात आपल्याच एका आळसाने ते कसे बांधले गेले हे दिसते. म्हणून डाव फार उशिरा सुरू होतो, असा अभिप्राय एखाद्या टेस्टरने दिला तर त्याकडे केवळ करमणुकीची तक्रार म्हणून पाहू नये. जबाबदारी कुणाकडे आणि केव्हा जाते याविषयीचे ते विधान आहे. लग्न मोडले, धंदा बुडाला, गाव उजाड झाले, अशा प्रत्येक प्रसंगी आपण 'नशीब' म्हणतो तेव्हा डाव फार उशिरा मांडलेला असतो.

तरी दैवाचा वाटा उरतोच. जानेवारी १७६१च्या सुरुवातीला दिल्लीहून पानिपताकडे थोडा खजिना निघाला होता. दिल्लीचा बंदोबस्त नारो शंकरांकडे होता. गोदाकाठी ज्यांच्या नावाचे देऊळ आपण नाशिककर रोज पाहतो तेच हे राजेबहादूर. खजिना नेणारे स्वार रात्रीच्या अंधारात वाट चुकले आणि मराठ्यांच्या छावणीऐवजी अफगाणांच्या छावणीत शिरले. तिथे ते मारले गेले. हे कुणाचे पाप? थंडीची रात्र, अनोळखी मुलूख. अशा ठिकाणी फासाच टाकावा लागतो, आणि फासा वाईट पडला तर त्याचा दोष कुणालाही देता येत नाही. पण टेस्टर इथेही एक प्रश्न विचारेल: खजिना रात्री, आडवाटेने, मूठभर स्वारांबरोबर पाठवावा लागला, तो का? त्या प्रश्नाचा माग काढत गेले की मराठ्यांना रसद पोचवणाऱ्या गोविंदपंत बुंदेल्यांचा डिसेंबरातला मृत्यू लागतो, मोडलेली रसद लागते, आणि पुन्हा तो बागपताचा उतार. दैव त्या रात्री आले, पण त्याला यायला वाट आधी मोकळी झालेली होती.

या कामात सर्वांत मोठा धोका आपल्या इच्छेचा आहे. मराठी टेस्टरला पानिपत जिंकायचे असते, आणि ते न जिंकता आले की खेळ चुकीचा आहे असे त्याला मनापासून वाटते. जपानी आरमाराचा दाखला इथे पुन्हा पुन्हा दिला जातो. मे १९४२च्या आरंभी 'यामातो' युद्धनौकेवर मिडवेच्या मोहिमेची पटावर तालीम झाली. मिडवे बेटावरून उडालेल्या अमेरिकी विमानांचे नऊ बॉम्ब जपानी नौकांवर पडल्याचा निकाल फाशाने दिला. 'अकागी' आणि 'कागा' या विमानवाहू नौका बुडाल्या. तालमीचे मुख्य पंच मातोमे उगाकी यांनी नऊचे तीन केले, बुडालेल्यांतली एक नौका वाचवली, आणि पुढच्या मोहिमेच्या डावात 'कागा'लाही परत पटावर आणले. महिन्याभरात दोन्ही नौका मिडवेला खरोखरच बुडाल्या, आणखी दोघींसह. इथपर्यंत गोष्ट सगळे सांगतात. त्यात एक बारकावा आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. मिडवे बेटावरून उडालेल्या विमानांचा एकही बॉम्ब प्रत्यक्षात जपानी विमानवाहू नौकांना लागला नाही. नौका बुडाल्या त्या अमेरिकी नौकांवरून आलेल्या विमानांमुळे. म्हणजे नऊ हा आकडा कदाचित खरोखरच जास्त होता. मग उगाकींचे चुकले कुठे? आकडा बदलण्यात नाही. नको असलेला निकाल लागल्यावर आकडा बदलण्यात. तो आकडा त्यांनी डावाआधी बदलला असता, कारणे देऊन, तर कोणीही त्यांना नावे ठेवली नसती. निष्काम कर्माची शिकवण आपण फार उंचावरच्या गोष्टींसाठी राखून ठेवतो. फळ आवडले नाही म्हणून साधनाचा दोष शोधू नये, एवढी तिची साधी बाजू टेस्टरला प्रत्येक डावानंतर पाळावी लागते. मराठे हरले म्हणून तोफांचा आकडा वाढवा, हा अभिप्राय टाकाऊ आहे. मराठे हरले, पण भाऊसाहेबांनी निम्मा गोल सुखरूप यमुनेपर्यंत नेला तर तो या डावात विजय का मानू नये, हा अभिप्राय मोलाचा आहे. कारण लढाईचे बळ जसे होते तसे ठेवून तो कर्त्याच्या कसोटीची रेषा योग्य जागी आणतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की खेळ तेवढेच सांगतो जेवढे रचनाकाराने त्यात घातलेले असते. विंचूरकरांच्या फाशाची शक्यता त्यानेच ठरवली. मग डावातून निघालेले ज्ञान कसले? आक्षेप बरोबर आहे आणि तो खोडून काढायची मला इच्छा नाही. पण हीच गत लिहिलेल्या इतिहासाची आहे, फक्त तिथे आकडे लपलेले असतात. इंदिरानगराच्या जवळच त्रिरश्मी डोंगरात, आपल्या पांडवलेण्यांत, गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, पराक्रम ती माता अशा थाटात सांगते की शक-क्षत्रपांचा पाडाव व्हायचाच होता असे वाचणाऱ्याला वाटावे. त्याच डोंगरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे दानलेखही आहेत. ते वाचताना क्षत्रपांची सत्ता कधी ढळेल असे वाटत नाही. १९०६ साली जोगलटेंभीला तेरा हजारांवर नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर नहपानाच्या मुद्रेवरच सातकर्णीने आपली मुद्रा ठोकलेली, आणि खालचा चेहरा पुसटसा शिल्लक. जिंकणाऱ्याचा लेख निकालाला आधीपासूनच ठरलेला असल्यासारखा दाखवतो. खेळाला तशी सोय नाही, कारण त्याचे गृहीतक आकड्याच्या रूपात पुठ्ठ्यावर छापलेले असते आणि समोर बसलेला दुसरा खेळाडू विचारतो की रोहिल्यांना चार आणि हुजुरातीला सात, हे कशावरून? लंडनच्या किंग्ज कॉलेजात फिलिप सेबिन यांनी विद्यार्थ्यांना स्वतः लढायांचे खेळ रचायला लावले, त्यामागे हेच होते: मत मांडणे सोपे, मताला आकडा देणे अवघड. आणि टेस्टरला दुसऱ्या बाजूनेही बसावे लागते. अब्दालीच्या खुर्चीत बसलेल्या मराठी खेळाडूला पगारासाठी कुरकुरणारी फौज, दूर राहिलेले काबूल आणि दुपारी पळू लागलेल्या शिपायांना परत रेटण्यासाठी पाठवलेले आपले हुकमी स्वार यांची काळजी करावी लागते. त्याचा विजय ठरलेला होता असे त्या खुर्चीतून तरी मुळीच दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एका दिवसात हजारो माणसे मेली, महाराष्ट्रात घराघरांत सुतक पडले, आणि तुम्ही त्याचा खेळ मांडता? मृतांची ही विटंबना नाही का? माझ्या मते विटंबना होऊ शकते, आणि ती कुठे होते हे सांगणे टेस्टरचेच कर्तव्य आहे. लढाईनंतर बंदिवानांची कत्तल झाली, बायका-मुले गुलाम म्हणून नेली गेली. हे गुणांत मोजायचा नियम कोणी केला तर तो काढून टाकायला सांगावे, रचना कितीही सुबक असो. पण त्या बायका-मुलांना पटावरून पुसून टाकणे हीदेखील विटंबनाच आहे. त्यांच्याशिवायचे पानिपत सोपे आणि देखणे होते. सेनापतींचा एक बुद्धिबळाचा डाव होतो. गोलाच्या पोटात ती माणसे होती म्हणून गोल संथ चालला, म्हणून भाऊसाहेबांच्या प्रत्येक निर्णयावर त्यांचे ओझे होते. हा भार सोंगटीच्या रूपाने पटावर ठेवला आणि तिचे काय झाले याचा हिशेब शेवटच्या फेरीपर्यंत खेळाडूकडून मागितला, तर त्या माणसांची आठवण नुसत्या हळहळीपेक्षा जास्त होते. मृतांचा अनादर आपण एरवीही करतोच: गप्पांत कोणी भाऊसाहेबांना दोन वाक्यांत मूर्ख ठरवतो, कोणी मल्हारराव होळकरांना पळपुटे. त्या बोलण्याला काहीच तारण नसते. ज्याने होळकरांची सोंगटी हाताळताना उजव्या बगलेवरची ती दुपार एकदा तरी सोसली आहे, तो बोलताना थांबेल.

तिसरा आक्षेप मक्खली गोशाल याच्या काळापासूनचा. आजीवकांचा हा आचार्य म्हणे की सर्व काही नियतीने बांधलेले आहे; प्रयत्न, बळ, पराक्रम यांनी काही बदलत नाही. त्याच्या दृष्टीने फासादेखील आधीच पडलेला आहे आणि टेस्टरचा अभिप्रायही आधीच लिहिलेला. याचे तार्किक खंडन कोणी करू शकेल असे मला वाटत नाही. पण या सिद्धान्ताने कोणत्याही दोन गोष्टींत फरक करता येत नाही. विंचूरकरांचे सुटणे आणि खजिन्याच्या स्वारांचे वाट चुकणे त्याला सारखेच. शिस्त शिकवणारा आणि न शिकवणारा सेनापती सारखाच. टिळकांनी गीतारहस्यात कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांच्यावर एक अख्खे प्रकरण खर्च केले, ते कर्माची साखळी पूर्ण मान्य करूनही माणसाच्या प्रवृत्तीला जागा उरते हे दाखवण्यासाठी. आणि नाशिकला टाकळीत तपश्चर्या केलेल्या समर्थांनी प्रयत्नाला देवाच्या जागी बसवले, ते दैव नाकारून नव्हे. मोगलाई आणि दुष्काळ यांचे प्रारब्ध डोळ्यांसमोर असताना.

नियतिवादाला खरे उत्तर मिळते ते अशा घटनांतून, ज्या घडणे कठीण होते आणि तरी घडल्या. नाशिकच्या उत्तरेला आशेवाडीजवळच्या रामशेज किल्ल्याची झुंज त्यांतली एक. सह्याद्रीतल्या बेलाग किल्ल्यांच्या मानाने तो लहान आणि बराच सोपा. १६८२ साली औरंगजेबाच्या फौजेने त्याला वेढा घातला. शहाबुद्दीनखानासारखा सरदार, भारी तोफा, गडाशी बरोबरी करणारा लाकडी दमदमा. गडावर म्हणे लोखंडी तोफही नव्हती. मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो की किल्लेदाराने लाकडाच्या, कातड्याने मढवलेल्या तोफा करून त्या चालवल्या. खानजहान कोकलताश आला, त्याने एका बाजूला हल्ल्याचा देखावा करून दुसऱ्या बाजूने निवडक माणसे कड्यावर चढवली. किल्लेदाराने देखाव्याच्या बाजूला गलका चालू ठेवला आणि खऱ्या बाजूला माणसे गुपचूप दबा धरून बसवली. शेवटी कोणा मांत्रिकाला शंभर तोळे सोन्याचा नाग करून दिला आणि तो नाग हाती धरून मांत्रिक फौजेपुढे निघाला. वरून आलेला गोफणीचा दगड छातीत बसला आणि तो कोसळला. पाच वर्षांहून अधिक काळ गड झुंजत राहिला.

या वेढ्याचा सिनारिओ सरळ नियमांनी रचला तर गड बहुधा काही महिन्यांत पडेल, आणि टेस्टर लिहील की रचनाकाराने मराठ्यांना फार दुबळे केले. रचनाकार मग किल्लेदाराला एखादा खास आकडा देईल आणि गड प्रत्येक डावात टिकेल. तेव्हा इतिहास जुळला म्हणून आपण समाधान मानू आणि तिथेच घोटाळा होईल: पडूच शकत नाही असा गड राखणाऱ्याचे कौतुक कशासाठी करायचे? इतिहास एकदाच घडतो. एकदा पडलेल्या फाशावरून फाशाच्या बाजू मोजता येत नाहीत. रामशेजच्या डावात गड बऱ्याच वेळा पडला पाहिजे आणि काही वेळा टिकला पाहिजे, आणि टिकतो तेव्हा त्यात खेळाडूच्या सावधपणाचा वाटा दिसला पाहिजे. त्यासाठी कड्याची खरी बाजू कोणती हे किल्लेदाराच्या खेळाडूपासून दडवावे लागेल. ज्याला खाफीखान पाठ आहे त्याच्यासाठी बाजू दर डावात बदलाव्या लागतील, गरज पडली तर गडाचे नावही. पुढचे ठाऊक असलेल्याला त्या रात्रीची परीक्षा देता येत नाही. आणि अखेरची फेरी विसरू नये. पहिल्या किल्लेदाराला बढती मिळून तो दुसऱ्या मोठ्या गडावर गेला, नव्या किल्लेदाराने पैसे घेऊन रामशेज मोगलांच्या हवाली केला. गुणी माणसाला बक्षीस म्हणून हलवणे हा चांगला निर्णय होता, निदान घेताना तरी. टेस्टरने आग्रह धरायला हवा की ही बदली सक्तीचा नियम म्हणून येऊ नये. ती खेळाडूने स्वतः, मोठा गड राखण्यासाठी, दुसरीकडे माणूस कमी पडतो म्हणून करावी, आणि नव्या किल्लेदाराच्या सोंगटीची मागची बाजू त्या वेळी कोणालाच दिसू नये.